वडिलांच्या नावाचा रकाना

मराठी माणसाच्या नावातच त्याच्या बापाचं नाव असतं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, लग्नाच्या पत्रिकेवर हाच क्रम. त्यामुळे याचा बाप कोण, हे आपल्याकडे वेगळं विचारावं लागत नाही. आणि विचारावं लागत नाही म्हणून ते नेमकं कशानं ठरतं, हा प्रश्नही सहसा कुणाला पडत नाही. ते आईवडिलांच्या लग्नानं ठरतं. लग्न झालेलं नसेल तर मात्र तो एवढासा रकाना अख्ख्या फॉर्मपेक्षा मोठा दिसायला लागतो.

माझे बाबा गडहिंग्लज तालुक्यातल्या एका हायस्कुलात क्लार्क होते. जनरल रजिस्टर भरणं आणि दाखले लिहिणं हे त्यांचं काम. आमचा भाग कर्नाटकाच्या सीमेला लागून. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडायची प्रथा या पट्ट्यात होती आणि देवदासींची मुलंही शाळेत यायची. त्यांच्या बाबतीत ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न बाबांपुढे दर जूनमध्ये उभा राहायचा. कुणी मामाचं नाव सांगायचं, कुणी आजोबांचं. काही वेळा बाबा नुसती आडवी रेघ ओढायचे. ती रेघ त्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जायची आणि दाखल्यावरून पुढे आयुष्यभर सगळीकडे.

महाराष्ट्र सरकारनं आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नावाचा क्रम बदलला आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझी मुलगी त्या तारखेनंतर जन्मली, पण महाराष्ट्रात नाही. ती कॅलिफोर्नियात जन्मली आणि मी ओहायोत राहतो. तिच्या आईचं आणि माझं लग्न झालेलं नाही. तिच्या पहिल्या जन्मदाखल्यावर आईचं नाव होतं आणि दुसऱ्या पालकाच्या जागी काहीच नव्हतं.

आम्ही कोलंबसमध्ये दोन वर्षं एकत्र राहिलो. तिचे आईवडील १९९०च्या दशकात पुण्याहून बे एरियात आले, ती तिथेच जन्मली. दिवस गेल्यावर काही महिन्यांनी आम्ही वेगळे झालो. त्याची कारणं आमच्या दोघांपुरती आहेत, इथे त्यांचं काम नाही. बाळंतपणासाठी ती आईवडिलांकडे गेली आणि तिनं नोकरीही तिकडेच घेतली. माझा व्हिसा एच-१बी. कामाची जागा दुसऱ्या राज्यात हलवायची तर कंपनीला सरकारकडे नव्यानं अर्ज करावा लागतो. मी तिच्या मागोमाग लगेच जाऊ शकत नव्हतो आणि मी तसं यावं अशी तिचीही अपेक्षा नव्हती. अशा तऱ्हेनं आमचं मूल दोन राज्यांत विभागलं गेलं.

मुलगी तीन आठवडे आधी जन्मली. मी विमान पकडून पोचलो तेव्हा मायलेकी घरी आल्या होत्या. दवाखान्यात जन्माची नोंद करणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की लग्न झालेलं असतं तर नवऱ्याचं नाव आपोआप लिहिलं असतं. लग्न नसेल तर दोघांनी सह्या केलेलं कबुलीपत्र किंवा कोर्टाचा निकाल, यांपैकी एक हवं. त्याशिवाय वडिलांचं नाव घालता येत नाही. आईनं कितीही सांगितलं तरी नाही. हा त्या बाईंचा किंवा त्या दवाखान्याचा नियम नव्हे. १९९६ साली बिल क्लिंटन यांच्या सहीनं जो वेल्फेअर सुधारणेचा कायदा झाला, त्यानं तो सगळ्या राज्यांना घालून दिला आहे.

अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलांपैकी साधारण चाळीस टक्के मुलांच्या आयांचं लग्न झालेलं नसतं. म्हणजे ही काही अपवादाची परिस्थिती नाही. तरीही तिथल्या कायद्याचा पाया आपल्यासारखाच आहे, कारण दोन्हीकडे तो इंग्लंडातून आला: लग्नात जन्मलेलं मूल नवऱ्याचं. रक्ताचं नातं त्यापुढे किती टिकतं याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियाचंच आहे. ‘मायकेल एच. विरुद्ध जेराल्ड डी.’ या खटल्यात रक्ततपासणीनुसार मायकेल त्या मुलीचा बाप असण्याची शक्यता ९८.०७ टक्के होती. मुलीची आई मात्र जेराल्डची बायको होती. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कॅलिफोर्नियाचा कायदा उचलून धरला आणि कायद्याच्या लेखी जेराल्डच बाप राहिला.

लग्न न झालेल्या बापाला तर १९७२ पर्यंत काही राज्यांत जवळजवळ स्थानच नव्हतं. इलिनॉयमध्ये स्टॅन्ली नावाचा माणूस आपल्या मुलांच्या आईबरोबर अधूनमधून अठरा वर्षं राहिला होता. ती वारली तेव्हा राज्यानं मुलं ताब्यात घेतली, कारण लग्न न झालेला बाप कायद्याच्या व्याख्येत पालकच नव्हता. तो नालायक आहे की नाही, हे तपासायचीही गरज कुणाला वाटली नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निदान त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. मग राज्यांनी ऐकून घ्यायच्या पद्धती बसवल्या. त्यातली एक म्हणजे संभाव्य वडिलांची नोंदवही. या बाईला होणारं मूल माझं असू शकतं, असं पुरुषानं आपणहून लिहून द्यायचं. दिलं नाही तर मूल दत्तक देताना त्याला कळवायचं बंधन नाही.

ही नोंदवही किती कडक असते ते न्यूयॉर्कच्या लेहर खटल्यात दिसतं. लेहरनं नोंदवहीत नाव घातलं नव्हतं, पण मूल आपलं आहे असा दावा एका काउंटीच्या कोर्टात लावला होता. दुसऱ्या काउंटीत मुलीच्या आईच्या नवऱ्यानं दत्तकाचा अर्ज केला होता. लेहरचा दावा चालू आहे हे तिथल्या न्यायाधीशाला माहीत होतं, तरी त्यानं दत्तकाच्या आदेशावर सही केली. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सही ग्राह्य धरली. एकाच राज्यातल्या दोन काउंट्यांची ही गोष्ट. आमच्यात तर दोन राज्यं होती. ओहायोत अशी नोंदवही आहे आणि मुदत जन्मानंतर पंधरा दिवसांची. कॅलिफोर्नियात ती नाहीच. देशभराची एक अशी नोंदवहीही नाही. म्हणजे मी ओहायोत नाव घातलं असतं तरी कॅलिफोर्नियातल्या बाळापुरता त्याचा काही उपयोग नव्हता.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर लिहितो. दोन डेटाबेस एकमेकांशी बोलत नसले की काय होतं, हे माझ्या रोजच्या कामातलं दुखणं आहे. पण तिथे बिघडलेली नोंद दुरुस्त करता येते. इथे मधल्या काळात एक माणूस बाप असतो किंवा नसतो.

मी आठवडाभर राहून परत आलो तेव्हा तिनं सही केलेली नव्हती. तिनं वेळ मागितला होता. पुढचे सात आठवडे मी त्या मुलीचा कायद्यानं कुणीही नव्हतो. तिला ताप आला तर डॉक्टरांनी माझ्याशी बोलायचं कारण नव्हतं. मला काही झालं असतं तर माझ्यामागे तिला काही मिळायचं असेल तर त्यासाठी आधी नातं सिद्ध करावं लागलं असतं. या काळात बाबांचा फोन आला. लग्नाबद्दल, लोक काय म्हणतील याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “रकान्यात काय लिहिलंय?” मी म्हणालो, “अजून मोकळाच आहे.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मोकळा ठेवू नको बाबा. मी लई रेघा ओढल्यात.”

आठव्या आठवड्यात टपालानं एक पाकीट आलं. आत कॅलिफोर्नियाचं ‘व्हॉलंटरी डिक्लरेशन ऑफ पेरेंटेज’ होतं. फॉर्म लहानसा. तिची सही आणि नोटरीचा शिक्का त्यावर होता, माझी जागा रिकामी होती. वर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: “आधी टेस्ट करायची असेल तर कर. मला राग येणार नाही.”

फॉर्म लहान असला तरी त्यात काय आहे ते नीट वाचायला मला संध्याकाळ लागली. दोघांच्या सह्या होऊन तो राज्याच्या चाइल्ड सपोर्ट खात्यात दाखल झाला की त्याला कोर्टाच्या निकालाइतकं वजन येतं. वकील लागत नाही, फी लागत नाही, न्यायाधीशासमोर उभं राहावं लागत नाही. त्याबदल्यात तुम्ही डीएनए चाचणी करून घ्यायचा आणि कोर्टात वाद घालायचा हक्क सोडता. सही मागे घ्यायला साठ दिवस मिळतात. त्यानंतर फसवणूक झाली, जबरदस्ती झाली किंवा महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला, एवढ्याच कारणांवर आव्हान देता येतं. साठ दिवसांचा हा नियमही १९९६च्या कायद्यानं देशभर केला. त्याच कायद्यानं असंही सांगितलं की एका राज्यातलं असं कबुलीपत्र बाकीच्या सगळ्या राज्यांनी मानलंच पाहिजे. माझी कॅलिफोर्नियाच्या कागदावरची सही ओहायोत, टेक्सासात, अलास्कात तितकीच खरी.

मी एका वकिलीणबाईंकडे अर्ध्या तासाचा सल्ला घेतला. त्यांनी शांतपणे सांगितलं की टेस्टशिवाय सही करू नका, असंच मी प्रत्येकाला सांगते. चाचणी अवघड नसते. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात. राज्यं वेगळी असली तरी अडत नाही. बाळाचा नमुना तिकडे, बापाचा इकडे, दोन्ही एकाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. फक्त नमुना देणाऱ्याची ओळख तटस्थ माणसानं तपासलेली हवी. घरी मागवलेल्या किटचा निकाल कोर्टात सहसा चालत नाही. कोलंबसमधल्या मराठी मित्रांचं मत वकिलीणबाईंपेक्षा जोरदार होतं. अठरा वर्षं पैसे भरायचेत तुला, नुसत्या विश्वासावर सही कसली करतोस?

मी टेस्ट केली नाही. कुणी करत असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याला शंका आहे त्यानं ती साठ दिवसांच्या आत फेडून घ्यावी, हे मुलाच्याही भल्याचं आहे. मला शंका नव्हती. पुढे कधी भांडणाच्या भरात ती आली, तर त्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा बंद असावा, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बँकेत नोटरीसमोर सही केली आणि कागद रजिस्टर पोस्टानं पाठवला. जन्मदाखला त्यानं आपोआप बदलत नाही. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या जन्मनोंदणी खात्याकडे वेगळा अर्ज आणि वेगळी फी. तेही झालं. रकाना भरला.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की नातं सिद्ध झालं म्हणजे बाकीचं ओघानं येईल. पण बाप ठरला की त्यातून दोन वाटा फुटतात. एक पैशांची आणि एक वेळेची. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत, त्या वेगवेगळ्या वेगानं चालतात आणि एकीवर चालणारा माणूस दुसरीवर आपोआप पोचत नाही.

पैशांची वाट आधी. अमेरिकेत बाप शोधायची सरकारी यंत्रणा उभी राहिली ती सरकारी मदतीवर जगणाऱ्या मुलांचा खर्च त्यांच्या बापांकडून वसूल करायला. १९७५ मध्ये त्यासाठी केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे राज्यांच्या सीमा आडव्या येऊ नयेत म्हणून एक समान कायदा तयार केला गेला आणि १९९६च्या कायद्यानं तो सगळ्या राज्यांवर बंधनकारक केला. दुसऱ्या राज्यातल्या बापावर आपलं कोर्ट केव्हा हुकूम चालवू शकतं, याची यादीच त्यात आहे. तो त्या राज्यात असताना त्याच्या हातात समन्स पडलं तर. त्यानं तिथे मुलाबरोबर वास्तव्य केलं असेल तर. त्याच्या सांगण्यावरून मूल तिथे राहत असेल तर. ज्या संबंधातून मूल झालं असू शकेल तो त्या राज्यात घडला असेल तर. किंवा त्यानं स्वतः ते कोर्ट मान्य केलं तर. कायदा इतक्या कोरडेपणानं इतक्या खासगी गोष्टीची नोंद घेतो, हे वाचून मी हसलो होतो. आमच्या बाबतीत यातलं पहिलं काहीच कॅलिफोर्नियात घडलेलं नव्हतं. मी नकार दिला असता तर तिला ओहायोमार्फत माझ्यापर्यंत यावं लागलं असतं. मी मान्यता दिली.

तिनं मला सांगूनच तिथल्या काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट एजन्सीकडे केस उघडली होती. सेवा फुकट असते आणि हिशेब चोख राहतो. आकडा सूत्रानं निघतो. दोघांचं उत्पन्न आणि मूल कुणाकडे किती टक्के वेळ असतं, हे त्यातले मुख्य घटक. पहिल्या हिशेबात माझ्या वेळेच्या जागी शून्य होतं. आम्ही संमतीनं सह्या केल्या, न्यायाधीशानं आदेश दिला आणि पगारातून रक्कम कापायची नोटीस थेट ओहायोतल्या माझ्या कंपनीच्या पगार विभागात आली. मध्ये ओहायोचं कोर्ट नाही, तिथली कुठली कचेरी नाही. कायद्यानुसार मालकानं परराज्यातली नोटीस आपल्याच राज्यातली समजून पाळायची असते. मी नोकरी बदलली तरी फरक पडत नाही, कारण नव्या माणसाची माहिती वीस दिवसांच्या आत सरकारला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. थकबाकी अडीच हजार डॉलरच्या वर गेली तर अमेरिकन नागरिकाला पासपोर्ट मिळत नाही. नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या परदेशी माणसानं मुलाचा खर्च जाणूनबुजून टाळला असेल, तर ते त्याच्या चारित्र्यात मोजलं जातं. मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा माझ्या पगारपत्रकात ती ओळ दिसायला लागली. एक व्यवस्था म्हणून मला तिचं कौतुकच वाटलं. इतक्या कचेऱ्यांमधून जाणारी गोष्ट इतक्या बिनचूक चालताना मी क्वचित पाहिली आहे.

त्या ओळीनं मला मुलीला भेटायचा एकही दिवस दिला नव्हता. एजन्सी फक्त नातं आणि पैसे बघते. ताबा आणि भेटी तिच्या कामात येत नाहीत, त्यासाठी बापानं स्वतः कोर्टात वेगळा अर्ज करायचा. तोही कुठे करायचा, याचा तिसराच कायदा. ताब्याचा प्रश्न मुलाच्या ‘होम स्टेट’मध्ये सुटतो. म्हणजे मूल जिथे सलग सहा महिने राहिलं ते राज्य, आणि त्याहून लहान बाळ असेल तर जन्मापासून जिथे राहिलं ते. त्यामुळे प्रश्न कॅलिफोर्नियाचाच. एका अर्थी हे माझ्या पथ्यावर पडलं. ओहायोत लग्न न झालेली आई ही कोर्टानं वेगळं सांगेपर्यंत मुलाची एकमेव ताबेदार असते, बापानं कबुलीपत्रावर सही केलेली असली तरीही. कॅलिफोर्नियात नातं एकदा ठरलं की दोघांचा हक्क बरोबरीचा धरतात. सही एकच, सगळ्या राज्यांनी मानलेली. पण तिचा अर्थ काय निघतो ते मूल कुठल्या राज्यात राहतं यावर.

हक्क बरोबरीचा असला तरी तो जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरवरून वापरायचा कसा, हे कागदावर यावं लागतं. मी साडेचारशे डॉलरच्या आसपास फी भरून अर्ज केला. रात्रीच्या मुक्कामावरून आमचं जमेना, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या पद्धतीप्रमाणे न्यायाधीशापुढे जाण्याआधी आम्हाला मध्यस्थासमोर बसवलं गेलं, व्हिडिओ कॉलवर. त्या बाईंनी आमच्यात कोण बरोबर हे विचारलंच नाही. बाळ किती वाजता झोपतं, दूध कुठलं पितं, अनोळखी माणसाकडे जातं का, एवढंच विचारत राहिल्या. मला यातल्या बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या. शेवटी ठरलं ते असं: दर दोन महिन्यांनी मी सहा दिवस कॅलिफोर्नियात जायचं, दिवसा मुलगी माझ्याकडे. दर रविवारी तिच्या संध्याकाळी पाचला आणि माझ्या रात्री आठला व्हिडिओ कॉल. ती तीन वर्षांची झाली की फेरविचार. वर्षाचे छत्तीस दिवस. सूत्रातल्या शून्याच्या जागी दहा टक्के आले. न्यायाधीशाची सही झाली तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती.

चौथा महिना आणि अकरावा महिना, यांत सात महिन्यांचं अंतर आहे. ते आमच्यापुरतं योगायोगाचं असेल. पण दोन वाटांमागे सरकार किती उभं आहे हे आकड्यांत दिसतं. चाइल्ड सपोर्टच्या यंत्रणेवर राज्यं जो खर्च करतात, त्यातला ६६ टक्के केंद्र सरकार भरतं. मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकाला मुलाला भेटता यावं म्हणून समुपदेशन, मध्यस्थी, देखरेखीखालच्या भेटी अशा कामांसाठी केंद्राचं अनुदान सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला एक कोटी डॉलर. पहिला खर्च अब्जांत जातो.

याचा राग येणं सोपं आहे, आणि इंटरनेटवर रागावलेल्या बापांची कमी नाही. मला तसा राग येत नाही. यंत्रणा अशी झाली कारण हजारो बाप खरंच निघून गेले होते आणि उपाशी मूल वाट बघू शकत नाही. पैसे आधी यावेत हे योग्यच आहे. शिवाय मी त्या पाकिटाकडे तिच्या बाजूनंही बघू शकतो. सही करण्याआधी ती एकटीच पालक होती. शाळा, डॉक्टर, कुठल्या गावात राहायचं, सगळं तिच्या हातात. सही करून तिनं देशाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, जिच्याशी आता नातं उरलेलं नाही अशा माणसाला बरोबरीचा हक्क दिला. उद्या तिला दुसऱ्या राज्यात जायचं झालं तर मला विचारावं लागेल. सात आठवडे तिनं घेतले ते मला आता कमी वाटतात.

हेच पुण्याची आई आणि बंगळूरचा बाप असं असतं तर? आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ झालं आहे, आणि त्याचा भर अजूनही लग्नात जन्मलेल्या मुलावर आहे. अनौरस मुलाला बापाकडून पोटगी मागता येते, पूर्वीच्या कलम १२५ खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. हिंदू कायद्यात अशा मुलाची पहिली पालक आई आणि तिच्यानंतर बाप. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एका अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मागता येईल असा निकाल दिला. तिच्या दृष्टीनं तो मोठा निकाल होता आणि मला तो पटतो. पण या सगळ्यात बाप येतो तो बहुधा पळणारा म्हणून. कुणीतरी त्याला ओढून आणायचं असतं. मला नातं हवंय, लग्न नाही, असं म्हणत जो आपणहून दारात उभा राहील त्याची कल्पना आपल्या कायद्यानं फारशी केलेली नाही. आपल्या समाजानं तर नाहीच.

आईला हे सगळं सांगताना मी कायद्याची भाषा टाळली. तिचा प्रश्न वेगळा होता. “मधी तुझं नाव लावलंय न्हवं?” नाही लावलेलं. जन्मदाखल्यावर पालक म्हणून माझं नाव आहे, पण मुलीच्या स्वतःच्या नावात मी नाही. तिचं आडनाव तिच्या आईचं आहे आणि मधली जागा मोकळी आहे. पालकाचं नाव घातल्यानं मुलाचं नाव बदलत नाही. ते बदलायचं तर वेगळा अर्ज, आणि मी तो मागितला नाही. आईला हे पटलेलं नाही. तिच्या लेखी नावात नसलेला बाप म्हणजे अर्धाच बाप. बाबांनी मात्र दाखल्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला, माझ्या नावाचं स्पेलिंग तपासलं आणि म्हणाले, “नोंद झाली ना, मग झालं.”

अमेरिकेतल्या आपल्या मंडळांमध्ये या विषयावर कुणी बोलत नाही, पण गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं आहे. त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो. बाळाच्या जन्माच्या वेळी तिथे हजर राहता आलं तर राहा. दवाखान्यातली सही सगळ्यात सोपी आणि फुकट असते. शंका असेल तर सही करण्याआधी टेस्ट करा, नंतर नाही. पैसे पहिल्या महिन्यापासून बँकेतून पाठवा, म्हणजे नोंद राहते. आणि पगारातून कपात सुरू झाली म्हणजे भेटीही ठरल्या असं समजू नका. त्यांचा अर्ज तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. मूल जिथे राहतं त्या राज्यात, त्याच आठवड्यात करा.

आमचा फेरविचार मुलगी तीन वर्षांची झाल्यावर आहे. रात्रीचा मुक्काम आणि एका खेपेला ती ओहायोत किती दिवस राहू शकते, हे तेव्हा ठरेल. कोर्ट आपणहून बोलावत नाही. तारीख मी कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे, अर्ज मलाच करायचा आहे.